चालायला लागलेलं मूल आणि मुंबईतलं घर: आधी खिडकी, मग बादली, मग बाकीचं

बाळासाठी घर सुरक्षित करायचं ठरलं की बहुतेक घरांत पहिली खरेदी होते ती टेबलाच्या कोपऱ्यांना लावायच्या रबराची. वाईट काही नाही त्यात. पण कोपरा लागला तर टेंगूळ येतं, फार तर टाके पडतात. उघडी खिडकी, भरलेली बादली, उकळता चहा, आजोबांच्या गोळ्यांची पट्टी आणि उलटणारं कपाट ही प्रकरणं टेंगळावर थांबत नाहीत. म्हणून पैसे आणि रविवार हातात मोजकेच असतील तर कोपरे शेवटी घ्यायचे. वन रूम किचन असो, चाळीतली दहा बाय बाराची खोली असो की टॉवरमधला टू बीएचके, क्रम बदलत नाही.

सुरुवात मोजपट्टीने करा. दोन वर्षांचं मूल साधारण 85 सेंटीमीटर उंच असतं, म्हणजे जवळजवळ आपल्या स्वयंपाकाच्या ओट्याइतकं. हात वर केला की अजून 15 ते 20 सेंटीमीटर मिळतात. प्लास्टिकचं स्टूल ओढत आणता येऊ लागलं की त्यात आणखी एक ते दीड फूट वाढतो, आणि स्टूल ओढणं दीड वर्षाच्या आसपास जमायला लागतं. तेव्हा "तिथपर्यंत हात पोचत नाही" हे वाक्य दर दोन महिन्यांनी तपासून पाहावं लागतं. घरात एकदा गुडघ्यांवर फिरा. पलंगाखाली, टीव्हीच्या मागे, ओट्याखालच्या कपाटात काय काय दिसतं ते उभ्याने कधी लक्षात येत नाही.

खिडकी आणि गॅलरी

मुंबईत हे काम पहिलं. मूल रांगायला लागायच्या आधी झालं तर उत्तमच.

ग्रिल बसवलेलं असेल तर तीन गोष्टी पाहा. पहिली, दोन गजांमधली फट. ती 10 सेंटीमीटरपेक्षा, म्हणजे चार इंचांपेक्षा, जास्त नको. डिझाइनच्या ग्रिलमध्ये मधली फट बारीक असते आणि कोपऱ्यातल्या गोलात किंवा चौकोनात मोठी, म्हणून पट्टी सगळीकडे लावून बघा. दुसरी, गज आडवे आहेत की उभे. आडवे गज म्हणजे तयार शिडी. नवं ग्रिल करून घेत असाल तर फॅब्रिकेशनवाल्याला उभे गज सांगा. आडवे आधीच असतील तर आतल्या बाजूने खालच्या तीन फुटांना पॉलिकार्बोनेटची पारदर्शक शीट स्क्रूने लावून घ्या, पाय ठेवायला जागा उरत नाही. तिसरी गोष्ट गंज. समुद्राच्या खाऱ्या हवेने ग्रिल बहुधा मधल्या भागाआधी, जिथे भिंतीत शिरतं तिथे कुजतं. दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा. भिंतीतून भुकटी पडली किंवा कुरकुर ऐकू आली तर वेल्डिंग किंवा बोल्ट बदलायची वेळ झाली. पावसाळा संपल्यावर हे एकदा ठरवून करावं.

बाहेर काढलेल्या बॉक्स ग्रिलबद्दल स्पष्ट सांगायला हवं: ती मुलाची खेळायची जागा नाही. तळाला कुंड्या, वर वाळत घातलेले कपडे आणि मध्ये बसलेलं मूल हे दृश्य इमारतींमध्ये सर्रास दिसतं. ते सगळं वजन भिंतीतल्या मोजक्या बोल्टवर असतं आणि त्या बोल्टांवर वर्षानुवर्षं पाऊस पडलेला असतो.

तारांचं 'इन्व्हिजिबल ग्रिल' घ्यायचं असेल तर तार स्टेनलेस स्टीलची, 316 ग्रेडची मागा. 304 स्वस्त पडतं, पण खाऱ्या हवेत लवकर डाग धरतं. दोन तारांमधलं अंतर दोन इंचांचं घ्या, तीन इंचांचं नको. कारण तार गजासारखी ताठ नसते, ती वाकते. बसवून झाल्यावर शेजारच्या दोन तारा हातांनी विरुद्ध दिशांना ओढून पाहा. मूठ सहज आरपार गेली तर ताण कमी आहे. त्याच दिवशी, कारागीर निघायच्या आत, कसून घ्या.

डासांची जाळी म्हणजे अडसर नव्हे. मूल टेकलं की वेल्क्रो सुटतं आणि सरकती जाळी रुळातून बाहेर पडते. तिचा धोका उलट जास्त, कारण जाळी लावलेली दिसली की मोठी माणसं निर्धास्त होतात.

भाड्याच्या घरात मालक भिंतीला भोक पाडू देत नसेल तर ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीला रुळावर चिमटणारा स्टॉपर लावा, खिडकी 10 सेंटीमीटरच्या पुढे सरकणार नाही असा. हा तात्पुरता इलाज झाला. अकरा महिन्यांच्या करारातही ग्रिलची परवानगी मागायला हरकत नाही, आणि मूल असलेल्या भाडेकरूला ती नाकारणारा मालक असेल तर दुसरं घर बघणं बरं.

खिडकीपासून तीन फुटांत चढण्यासारखं काही नको: दिवाण, चपलांचं कपाट, खुर्ची, टेबलफॅनचं स्टूल, गाद्यांची चळत. अडीचशे-तीनशे चौरस फुटांच्या घरात हे शक्य नसतं, हे मान्य. पलंग खिडकीलाच लावावा लागत असेल तर पक्क्या ग्रिलला पर्याय उरत नाही, इतकाच त्याचा अर्थ. चाळीतल्या सामायिक गॅलरीच्या लाकडी कठड्याला नायलॉनची जाळी बांधताना ती वर आणि खाली दोन्हीकडे बांधा. खालून मोकळी सोडलेली जाळी मुलाने उचलली की फट पुन्हा तयार.

आणि एक. आग लागली तर ग्रिलच आपल्याला आत कोंडेल. घरातल्या निदान एका खिडकीच्या ग्रिलला उघडणारी झडप आणि कुलूप असू द्या. किल्ली त्याच खिडकीजवळ, पाच फुटांच्या वर, खिळ्याला. ती कुठे आहे हे घरातल्या सगळ्या मोठ्यांना ठाऊक असायला हवं.

पाणी: पिंप, बादली, मोरी

पाणी ठरलेल्या वेळी येतं, म्हणून आपल्याकडे भरून ठेवायची सवय. तीच इथे आड येते. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं. बादलीत वाकून पाण्यातला मग काढायला गेलं की तोल डोक्याकडे जातो, हातांत मागे ढकलायचं बळ नसतं, आणि अर्धी भरलेली वीस लिटरची बादली त्याच्या वजनाने आडवी होत नाही. नाकातोंड बुडायला पाच सेंटीमीटर पाणी पुरतं. आवाजही फारसा होत नाही. ओरडायला श्वास लागतो.

म्हणून:

- मोरीच्या किंवा बाथरूमच्या दाराला बाहेरून कडी, जमिनीपासून पाच फुटांवर. खाली आधीची कडी असली तरी वरची वेगळी लावायची. टॉवर बोल्ट आणि चार स्क्रू, अर्ध्या तासाचं काम.
- रिकामी बादली पालथी. टब, मोठं पातेलं, भिजत घातलेले कपडे यांनाही हाच नियम.
- साठवणीच्या पिंपाला आट्यांचं किंवा चिमटणारं झाकण. वर ठेवलेली ताटली किंवा फळी म्हणजे झाकण नव्हे. झाकणावर वजन ठेवायची पद्धत आहे, पण ते वजन एक दिवस मुलाच्या पायावर येतं.
- पिंपाजवळ स्टूल, पाट, उलटी बादली काही नको.
- कमोडचं झाकण खाली. वॉशिंग मशीनचं दार बंद आणि चाइल्ड लॉक चालू.

फोन वाजला, बेल वाजली, दूध उतू गेलं, तर अंघोळीतलं मूल टॉवेलात गुंडाळून सोबत घेऊन जा. "दोनच मिनिटं" थोरल्या भावंडावर सोपवू नका. पाच-सहा वर्षांच्या ताईला लक्ष ठेवता येत नाही, आणि तिच्यावर तो भार टाकणंही बरोबर नाही.

गीझरचा थर्मोस्टॅट 50 अंशांच्या आसपास ठेवा. साठवणीच्या गीझरमध्ये तो बऱ्याचदा खालच्या झाकणाआड असतो, मेन बंद करून इलेक्ट्रिशियनकडून कमी करून घ्या. 60 अंशांचं पाणी लहान मुलाची कातडी काही सेकंदांत भाजतं. बादलीत नेहमी आधी गार पाणी, मग गरम, आणि हाताऐवजी कोपर बुडवून पाहायचं. इमर्शन रॉड मात्र घरात मूल आहे तोवर माळ्यावर जाऊ द्या. जमिनीवर उकळतं पाणी, लोंबणारी वायर आणि विजेचा धक्का, तीन धोके एकाच बादलीत. गॅस गीझर असेल तर तो बाथरूमच्या बाहेर, हवा खेळती असेल तिथेच. कोंडलेल्या जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वास नसतो.

लॅच आणि कड्या

मुंबईतल्या घरांचा हा खास प्रकार. आई कचरा ठेवायला बाहेर जाते, मूल मागून दार ढकलतं, लॅच पडतं. आत गॅसवर कुकर. यावर उपाय फुकटात होतो: एक जादा किल्ली शेजाऱ्यांकडे, एक सेफ्टी डोअरजवळ बाहेरून हात घालून मिळेल पण दिसणार नाही अशी. दाराबाहेर पाऊल टाकताना लॅच वर अडकवून ठेवायची सवय लावा. संडास-बाथरूमच्या आतल्या, मुलाच्या हाताला येणाऱ्या कड्या काढून टाका किंवा साडेचार फुटांवर न्या.

बोटं चिरडतात ती दाराच्या बिजागरीच्या बाजूला. तिथे दार बंद होताना फट कात्रीसारखी मिटते. त्या बाजूला रबरी फिंगर गार्डची पट्टी लावा. दाराच्या वर अडकवायचा फोमचा 'सी' आकाराचा तुकडा वाऱ्याने आपटणाऱ्या दाराला पुरतो. जुन्या इमारतींतल्या जाळीच्या दाराच्या लिफ्टमध्ये मूल कडेवरच, खाली सोडायचं नाही.

स्वयंपाकघर

भाजण्याच्या बाबतीत चहाकडे आपलं लक्ष सगळ्यात कमी असतं. कपभर ताजा चहा मुलाच्या छातीवर, मानेवर सांडला तर रुग्णालयात न्यावं लागतं. मूल मांडीवर असताना चहा प्यायचा नाही, एवढा एक नियम घरातल्या सगळ्यांनी, आजोबांसकट, पाळायचा. जमिनीवर पंगत मांडताना आमटीचं पातेलं सगळ्यात शेवटी आणा आणि भिंतीकडे ठेवा. टेबलावर लोंबणारा टेबलक्लॉथ नको.

शेगडीवर मागचा बर्नर आधी वापरा, कढयांचे दांडे भिंतीकडे वळवा. मिक्सरची आणि इंडक्शनची वायर ओट्यावरून खाली लोंबता कामा नये, मूल ती ओढतंच.

बऱ्याच घरांत स्वयंपाकघराला दारच नसतं. बाजारात मिळणारं दाबून बसणारं बेबी गेट 75 ते 85 सेंटीमीटरच्या वाटेत बसतं, पण गुळगुळीत टाइल्सवर त्याची रबरं घसरतात. बसवल्यावर गुडघ्याने जोर देऊन पाहा आणि आठवड्याला कसा. त्यापेक्षा सुताराकडून प्लायचं अर्धं दार करून घेतलेलं टिकतं: 75 ते 80 सेंटीमीटर उंच, सपाट, पाय ठेवायला पट्टी नाही, आणि कडी स्वयंपाकघराच्या बाजूला.

सिलिंडर असेल तर काम झाल्यावर रेग्युलेटर बंद. पाइप गॅस असेल तर शेगडीमागचा कॉक बंद. शेगडीची बटणं फिरवायला मुलांना फार आवडतात, पण पुरवठाच बंद असेल तर नुसती बटणंच फिरतात. नळी आयएसआय मार्कची सुरक्षा होज, पाच वर्षांनी बदलायची. तारीख नळीवरच छापलेली असते. वास आला तर कुठलंही बटण चालू नाही, बंदही नाही. खिडक्या उघडा, मुलाला घेऊन बाहेर पडा, आणि सिलिंडरच्या गळतीसाठी 1906 ला फोन करा.

ओट्याखालच्या कपाटांना चिकटवायची लॉक लावताना दोन चुका होतात. पृष्ठभाग तेलकट राहतो, आणि लावल्या लावल्या ओढून पाहिलं जातं. आधी साबणाचं पाणी, मग स्पिरिट, मग कोरडं फडकं. चिकटवल्यावर 24 तास हात लावायचा नाही. एवढं करूनही जुलैच्या दमट हवेत काही सुटतातच. गॅसजवळच्या कपाटांना सरळ स्क्रूची किंवा चुंबकाची लॉक घ्या. एक खालचं कपाट मात्र मुलासाठी उघडं ठेवा: प्लास्टिकचे डबे, लाकडी चमचे, जुनी चाळणी. त्यात ते अर्धा तास रमलं तर तेवढा वेळ बाकीची कपाटंही शांत.

वीज

एमसीबी, म्हणजे मीटरच्या बोर्डातला आपोआप पडणारा स्विच, मुलाला वाचवत नाही. ती वायर वाचवते, म्हणजे जास्त भार किंवा शॉर्ट सर्किट झालं तर पडते. मुलाच्या अंगातून जाणारा विजेचा प्रवाह जीवघेणा असला तरी एमसीबीच्या हिशेबात तो किरकोळ. त्यासाठी डीबीमध्ये, म्हणजे घरातल्या स्विचांच्या मुख्य पेटीत, 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते, म्हणजे वीज गळली की पडणारा स्विच. ती फेज आणि न्यूट्रल या दोन तारांतल्या प्रवाहांमधला फरक पाहते आणि क्षणात बंद पडते. इलेक्ट्रिशियनला "30 एमए" असं नेमकं सांगा, 100 किंवा 300 ची माणसासाठी नसते. तिच्यावरचं 'टी' लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबायचं. दाबूनही पडली नाही तर ती बदला. पावसाळ्यात ती वारंवार पडत असेल तर ओल कुठल्यातरी पॉइंटमध्ये शिरली आहे. वैतागून आरसीसीबी काढून टाकणारे लोक आहेत. ओल शोधायची, आरसीसीबी काढायची नाही.

खालच्या पॉइंटना आतून पडदा असलेले, शटरचे सॉकेट बसवा. छोट्या प्लास्टिकच्या टोप्या स्वस्त मिळतात, पण मूल त्या नखाने काढतं आणि तोंडात घालतं. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर नको, भिंतीला स्क्रूने वर. फोन काढला की चार्जरही बोर्डातून काढायचा. लोंबतं टोक थेट तोंडात जातं.

उलटणारं सामान

लोखंडी कपाट, टीव्ही, खणांचं कपाट. मूल खालचा खण उघडतं, त्यावर उभं राहतं, दुसरा उघडतं, आणि सगळं वजन पुढे येतं. दोन एल क्लॅम्प, वरच्या बाजूला, भिंतीला. इथे भिंत कुठली आहे हे महत्त्वाचं. जुन्या इमारतीच्या विटांच्या भिंतीत 8 मिलिमीटरचं भोक, गिट्टी (स्क्रू धरून ठेवणारी प्लास्टिकची नळी) आणि दोन इंची स्क्रू पुरतो, पण तो प्लास्टरच्या पुढे विटेत गेला पाहिजे. ड्रिल करताना लाल भुकटी आली म्हणजे वीट लागली. नव्या टॉवरमधल्या भिंती बहुधा एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या, असतात. भुकटी पांढरी-राखाडी आणि पिठासारखी पडते. तिथे साधी गिट्टी हाताने ओढली तरी निघते. एएसीसाठी वेगळे लांब नायलॉन अँकर मिळतात, तेच मागा आणि ड्रिलचा हॅमर बंद ठेवून भोक पाडा. जिप्समचं पार्टिशन असेल तर त्यात काही अडकवूच नका, शेजारची पक्की भिंत गाठा.

हॉलमध्ये छताला टांगलेली कपडे वाळत घालायची दांडी खाली घेताना मूल खोलीबाहेर. दोऱ्यांची टोकं गुंडाळून पाच फुटांवरच्या हुकाला. गळ्याभोवती पडणारी कुठलीही दोरी वाईट: पडद्याची, पाळण्याची, झोळीची. गळ्यातला ताईत किंवा काळा दोराही त्यातच आला. बांधायचाच असेल तर मनगटाला बांधा.

तोंडात जाणाऱ्या गोष्टी

घरातलं सगळ्यात धोक्याचं औषध बहुधा आजी-आजोबांच्या उशाशी असतं. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या किंवा रक्तदाबाच्या ॲम्लोडिपिनसारख्या एक-दोन गोळ्याही दोन वर्षांच्या मुलाला गंभीर करू शकतात. आईच्या बाळंतपणातल्या उरलेल्या लोहाच्या गोळ्या लाल, गोड आवरणाच्या असतात. जास्त गेल्या तर जीवघेण्या. औषधं एका कुलपाच्या डब्यात आणि डबा वरच्या फळीवर. रोजच्या गोळ्यांची आठवडी डबीही त्यातच.

देवघर खाली असेल तर वर न्या. कापूर दिसतो खडीसाखरेसारखा, आणि थोडासाही पोटात गेला तर झटके येऊ शकतात. डांबरगोळ्या, उंदराचं औषध, मच्छर मारायची रिफिल, टॉयलेटचं ॲसिड हे सगळं मूळ बाटलीत आणि वरच. पाण्याच्या बाटलीत ॲसिड, फिनेल किंवा रॉकेल भरून ठेवायची सवय आज मोडा. यातलं काही पोटात गेलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. ॲसिड वर येताना अन्ननलिका पुन्हा भाजतं, रॉकेल फुप्फुसात जातं. बाटली किंवा गोळ्यांची पट्टी सोबत घेऊन निघा. एम्सचं राष्ट्रीय विष माहिती केंद्र 1800 116 117 वर चोवीस तास सल्ला देतं. परळचं वाडिया रुग्णालय लहान मुलांचंच आहे, पण जवळचं मोठं रुग्णालय कुठलंही असो, तिथपर्यंतची वाट आधी पाहून ठेवा.

नाण्यासारखी चपटी बॅटरी वेगळी सांगायला हवी. रिमोट, वजनकाटा, गाडीची किल्ली, आणि दिवाळीत मिळणाऱ्या एलईडीच्या पणत्या, सगळीकडे ती असते. अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत भोक पाडण्याइतकं भाजू शकते. गिळल्याचा नुसता संशय आला तरी लगेच एक्स-रे. मूल एक वर्षाच्या वर असेल, गिळू शकत असेल आणि बॅटरी गिळून बारा तास झाले नसतील तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चहाचे चमचे मध द्या, जास्तीत जास्त सहा वेळा. मधासाठी निघायला उशीर करू नका. ज्या वस्तूच्या बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होत नाही ती घरात ठेवू नका.

खाण्यात शेंगदाणे, फुटाणे, मक्याच्या लाह्या चार वर्षांपर्यंत नकोत. द्राक्षं उभी चार भाग करून. जांभूळ, बोर, सीताफळ बिया काढूनच. घास अडकला आणि मूल खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच निघत नसेल तर पुढे वाकवून तळव्याने पाठीत खांद्यांच्या मध्ये पाच फटके. नाही निघालं तर वर्षाच्या वरच्या मुलाला मागून मिठी घालून बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर दाब. वर्षाखालच्या बाळाला पोटाऐवजी छातीवर मधोमध, एका तळव्याच्या मनगटाकडच्या भागाने. पुन्हा फटके, पुन्हा दाब. दरम्यान दुसऱ्याने 108 लावायचा. न दिसणाऱ्या वस्तूसाठी घशात बोट फिरवू नका, ती आणखी आत जाते.

भाजलं तर नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं. घड्याळ लावून, कारण पाच मिनिटांतच सगळ्यांना वीस वाटतात. कडं, वाळे, सैल कपडे लगेच काढा. चिकटलेला कपडा ओढू नका. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप काही लावायचं नाही. पाणी गेलेलं असेल तर पिंपातलं मगाने ओतत राहा.

उरले पाहुणे. त्यांची पर्स सोफ्यावर पडते, तिची चेन उघडी असते, आत गोळ्यांची पट्टी, सुटी नाणी, सेफ्टी पिना, सुपारी. दाराजवळ साडेचार फुटांवर एक मजबूत हुक लावा आणि पाणी विचारायच्या आधी पर्स मागून तिथे अडकवा.